एका बाहीचा स्वेटर

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासोबत ती निळी लोकर वर येते आणि मला त्या हिवाळ्यात नेऊन बसवते. मी तेव्हा जळगावात नोकरीला, भाड्याच्या खोलीत एकटी, आणि विणकामाचं असं वेड की माझ्या डब्याच्या पिशवीतही सुया असायच्या. धुळ्याला आबा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. तिथली थंडी हाडांत शिरते, म्हणून त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. पण साधा विणला तर मी कसली कलावंत! छातीवर मासिकातले मोरच हवे होते. एक टाका चुकला की वीतभर उसवायचं. दर रविवारी एसटीनं जाऊन मी आबांच्या छातीवर ते अर्धवट मोर लावून बघायची. "माय, एकच बाही शे तरी चाली," ते कुडकुडत म्हणायचे, "माले कोठे लगीनले जानं शे?" "असा एका बाहीचा घालून बसलात तर लोक मला हसतील, आबा," असं म्हणून मी तो परत घेऊन यायची. पौषात निरोप आला. मी पोचले तेव्हा आबा गेलेले होते. आईनं माझ्या पिशवीतून स्वेटर काढला आणि त्यांच्या छातीवर पांघरला. मी त्यांचा उघडा, थंडगार हात धरून रडत होते, आणि खरं सांगते, डोळे मात्र मोराच्या पिसाऱ्यात चुकलेला टाका शोधत होते. आता मी तिच्यासाठी विणलेला स्वेटर हातात घेऊन नात म्हणते, "आजी, इथे भोक राहिलंय." मी म्हणते, "राहू दे, तू आधी अंगात घाल."