धाकट्या घंटेचा उशिरा पडणारा ठोका

वेन्सेल चव्वेचाळीस वर्षं पोद्ब्रेगच्या चर्चची धाकटी घंटा वाजवत होता. त्यातली शेवटची बारा वर्षं उशिरा.

सणाला आणि त्याच्या आदल्या दुपारी तिघं मनोऱ्यात चढतात. घंटेचा लोलक हातात धरून ठोक्यात ठोका गुंफतात. थोरली लोव्रोची, मधली वेन्सेलची पुतणी नेझा हिची. डावा कान गेल्यापासून वेन्सेलचा ठोका अर्ध्या मात्रेने मागे पडायचा. कुणी काही बोलत नसे. त्यामुळे वेन्सेलला जास्तच भीती वाटायची.

यंदा सेंट रोकच्या सणाला शेजारच्या खोऱ्यातले घंटावादक ऐकायला येणार होते. आता आपल्याला उतरवणार, हे त्याने गृहीतच धरलं. बस चालवायची नोकरी संपून सात वर्षं झाली होती. गावात त्याच्यावाचून अडणारी दोनच कामं उरली होती. एक ही घंटा. दुसरं त्याला आठवत नव्हतं.

तो गुपचूप शहरात गेला आणि कानाचं मशीन घेऊन आला.

“अरे, कानात गोगलगाय घातलीस की काय?” बायको झोफ्काने विचारलं.

“मशीन आहे.”

“म्हणजे आता माझं बोलणं ऐकू येणार तुला?”

“तेवढा एक तोटा आहे.”

सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराला, वेन्सेलने बारा वर्षांत पहिल्यांदा वेळेवर ठोका दिला. तो थेट नेझाच्या ठोक्यावर आदळला. पुढचा लोव्रोच्या. खाली बेकरीवाली पिठाच्या हातांनी रस्त्यावर आली. पाद्रीबुवा गळ्यातला रुमाल न काढताच जेवणावरून उठले. तिघं थांबले.

“काका, तुम्ही लवकर वाजवताय,” नेझा म्हणाली.

“मी बरोबर वाजवतोय!”

“हो ना. तेच तर!”

लोव्रो कपाळ पुसत म्हणाला, “बारा वर्षं आम्ही तुझ्यासाठी जागा सोडतोय, गाढवा. नेझाने शिकताना तेच ऐकलंय. तिला दुसरं येतच नाही.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू सुधारला असतास.”

वेन्सेल लाकडी जिन्यावर बसला. चूकसुद्धा आपण एकट्याने केली नव्हती, हे त्याला जरा लागलं.

त्या संध्याकाळी त्याने मशीन काढून ठेवलं आणि स्वयंपाकघरात पातेल्यावर डावाने सराव सुरू केला. उशीर काही होईना. एकदा कळल्यावर हात ऐकेना. कान बंद, तरी ठोका घड्याळासारखा.

“सबंध देशात चुकायचा सराव करणारा मी एकटाच असेन,” तो म्हणाला.

“आणि त्यातही नापास होणारा,” झोफ्का म्हणाली. “डाव इकडे दे, मला सूप वाढायचंय.”

सकाळी वर जाताना त्याने लोव्रोला सांगून टाकलं, “मला जमत नाही. आज तू दुसरा कुणी बघ.”

“दुसऱ्याला तर मुळीच जमणार नाही. चढ.”

पहिली फेरी कशीबशी गेली. दुसऱ्या फेरीला लोव्रोने समोरून त्याची नक्कल केली. ओठ मुडपलेले, जीभ बाहेर, एक डोळा बारीक. वाजवताना आपण असे दिसतो? वेन्सेलला हसू फुटलं. लोलक तेवढ्याने मागे पडला, आणि ठोका नेझाने सोडलेल्या जागेत नेमका जाऊन बसला. मग लोव्रो थांबलाच नाही. वीस मिनिटं तो वेन्सेलचं तोंड करत राहिला, आणि वेन्सेल हसत हसत चुकत राहिला. नेझा डोळे मिटून वाजवत होती.

वाजवून उतरले तेव्हा खाली अंगणात पाहुण्यांमधला एक म्हातारा टेबलावर बोटांनी तोच ताल धरू पाहत होता. त्याला जमेना. वेन्सेल त्याच्याजवळ गेला.

“धाकटीवर मीच होतो. बघा, असं आहे.” आणि त्याने टेबलावर वाजवून दाखवलं, घड्याळासारखं वेळेवर.

म्हातारा लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने मान हलवली.

“नाही हो. तुमचं काहीतरी चुकतंय. धाकटीवर होता तो माणूस कुठेय?”

वेन्सेलही मागे वळून गर्दीत त्या माणसाला शोधू लागला.