उन्हाळ्यात न उमटणारा ह

आज दुपारी माझी आई गेली. इथे लिहितेय, कारण तुमच्यातले काहीजण तिच्या हाताखाली शिकलेले असाल.

सत्तरच्या दशकात आई लकडगंजला बालवाडी चालवायची. ह शिकवताना ती प्रत्येकाच्या तोंडासमोर छोटा आरसा धरायची. "ह" म्हटलं की काचेवर वाफ जमायची आणि त्या वाफेत आम्ही बोटानं अक्षर काढायचो. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र वाफ जमतच नसे. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आई, माझा ह काहून नाही उमटून राहिला?"

"थांब वं, थंडी पडू दे," ती म्हणाली.

आज लाईन गेली होती, कूलर बंद होता. आईचा श्वास ऐकू येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बेबी, आरसा आण वं. नाकाशी धरून पाहू."

मी तोच आरसा आणून दिला. काच कोरडीच राहिली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मी म्हटलं, "काकू, थांबा ना. मे महिन्यात नाही उमटत तो."

तिच्याकडे ह शिकलेलं कोणी इथे असेल, तर थंडी पडल्यावर एकदा आरशासमोर म्हणाल का?