अनुमोदक

कोथरूडच्या आमच्या चौकातला पक्षाचा फळा मी लिहीत असे. कुणाचं अभिनंदन, कुणाला श्रद्धांजली, कसल्या तरी दरवाढीचा निषेध. मजकूर शाखाध्यक्षांचा, अक्षर माझं. कचेरीला जाण्याआधी खडू घेऊन उभा राहायचो. बसथांब्यावरची मंडळी मागून वाचायची आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तिथल्या तिथे माप काढायची. पुणंच ते. फळ्यावर मी माझं नाव मात्र कधी लिहिलं नाही. तशी पद्धत नव्हती.

शाखाध्यक्ष माझे तरुणपणापासूनचे मित्र. त्यांचा बंगला कॉलनीत, आमचं घर मागच्या वस्तीत. पण बुद्धपौर्णिमेला ते आमच्याकडे खिरीला यायचेच. त्यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता.

हिंजवडीकडे कंपन्या आल्या आणि शहराच्या कडेची गावं बघता बघता इमारतींनी भरली. त्यातल्याच एका गावचे जमीनदार पक्षात आले. तोंडाचे भलतेच फटकळ. आमच्याकडे फटकळ माणूस गरीब असला तर उद्धट ठरतो, पैसेवाला असला तर स्पष्टवक्ता. पक्षाने वस्तीत कॉम्प्युटरचा वर्ग काढला, तेव्हा उद्घाटनाला हेच. माइकवरून म्हणाले, "ह्यांच्या पोरांना कॉम्प्युटर कशाला? बटण दाबायला मतदानाचं मशीन हाय की!" खुर्च्यांवरचे पाहुणे खो खो हसले. समोर सतरंजीवर माझा मुलगा बसला होता. तो घरी येऊन जेवलासुद्धा नाही. पण त्याच वर्गात शिकला, पुढे इंजिनिअर झाला, हिंजवडीत कंपनीत लागला. मला वाटलं, दिलं पोरानं उत्तर.

आणि मग शहराध्यक्षपदासाठी त्याच गृहस्थांचं नाव पुढे आलं. मी शाखाध्यक्षांना सांगितलं, या नावाला माझा विरोध आहे, बैठकीत तसं बोलणार आहे. ते म्हणाले, "आपण निर्धास्त राहा. मी आहे ना."

बैठकीत ठराव मांडायला शाखाध्यक्ष स्वतःच उठले. सूचक तेच! मी बघतच राहिलो. पुढच्याच वाक्यात त्यांनी अनुमोदक म्हणून माझं नाव वाचलं. मला न विचारता. मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "माझं अनुमोदन नाही!" पण सूचकानंतर जो उभा राहतो तो अनुमोदनच देतो, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत. मी उठलेला दिसताच टाळ्या सुरू झाल्या. माझं बोलणं शेजारच्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. ठराव एकमताने मंजूर.

बाहेर मी शाखाध्यक्षांना गाठलं. "माझंच नाव का?"

"अहो, किती मनाला लावून घेता! ते बोलतात तोडून, पण पोटात काही नाही त्यांच्या. त्या बटणाच्या वाक्यावरून लोक अजून टोचतात. वस्तीतल्या माणसाने अनुमोदन दिलं की तोंडं बंद होतील."

इतकी वर्षं मी स्वतःला त्यांचा मित्र समजत होतो. त्यांच्या लेखी मी वस्तीतला माणूस. अंगाची लाही लाही झाली.

सकाळी चौकात गेलो, तर फळा आधीच लिहिलेला. अक्षर शाखाध्यक्षांचं, गिचमिड. 'एकमताने निवड', खाली सूचक, त्याखाली अनुमोदक आणि माझं संपूर्ण नाव. खिशातला रुमाल काढून मी माझं नाव पुसलं. बसथांब्यावरचे एकजण म्हणाले, "काय, शुद्धलेखन चुकलं वाटतं?" मी म्हटलं, "हो, माणूस चुकला." आणि बस पकडली.

संध्याकाळी उतरलो तेव्हा पुसलेली जागा भरलेली होती. आडनाव आमचंच होतं. पुढे माझ्या मुलाचं नाव होतं.

घरी तो चहा पीत बसला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.

"बाबा, दुपारी शाखाध्यक्षांचा फोन आला होता, तुमच्या जागी माझं नाव लिहू का म्हणून. मी हो म्हटलं."

"तो माणूस तुम्हा पोरांना काय म्हणाला होता, विसरलास?"

"नाही विसरलो. पण आता तेच प्रेसिडेंट आहेत ना? थोडं प्रॅक्टिकल व्हा."

मी खिशातला खडू काढून खिडकीत ठेवला. मला त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून मी दिवसभर जळत होतो. त्याला त्यांनी विचारलं होतं.