पिशी म्हणायचे ती

माझ्या नणंदेला गावात पिशी म्हणायचे. पिशाच बसलं की माणूस पिसं होतं, शब्द तिथूनच आला, असं माझी आई सांगायची. नणंद लग्न करून इंदापूरकडं गेली आणि वर्षभरात तिची झोप उडाली. विहिरीच्या काठावर बसून विहिरीशीच बोलायची. सासरच्यांनी आणून आमच्या दारात सोडली. देवऋष्यानं लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपली. पिशाच काही निघालं नाही, वळ मात्र महिनाभर राहिले. पुढं बारामतीच्या डॉक्टरनं गोळी सुरू केली, तेव्हा ती झोपली. त्यानं आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. ते मला म्हणता येत नाही. गोळी ती अजून घेते आणि माझ्यापेक्षा जास्त काम करते.

आता पिसाळतं ते फक्त कुत्रं. माझी नातवंडं एकमेकांना येडी म्हणतात आणि हसतात. पिशी हा शब्द त्यांना ठाऊक नाही. सोयरीक जुळवणाऱ्यांना मात्र अजून ठाऊक आहे.

यंदा नातीला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळीच मुलगा मला म्हणाला, "आत्याला घेऊन भिगवणला जा. मासं खावा, सांजच्याला या."

एसटीची वाट बघत उभ्या होतो. नणंद म्हणाली, "वयनी, मला लपवाय चाललीस व्हय?"

"व्हय."

"मग पोहे कोण करणार?"

सुनेच्या पोह्यांचा गोळा होतो, हे खरं होतं. आम्ही परत आलो. मुलानं कपाळाला हात लावला.

पाहुण्यांतल्या म्हातारीनं दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. मग माझ्याकडं सरकून म्हणाली, "तुमच्यात कुणी पिसं हाय म्हणत्यात. खरं हाय का?"

"हाय की. तुमी खाताय ते पोहे तिनंच केल्यात."

म्हातारीनं ताटलीकडं बघितलं. थोडा विचार केला आणि पोहे संपवले. कळवतो म्हणून सगळे गेले.

आठ दिवसांनी नकार आला. नात दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी कॉलेजला गेली. मुलगा माझ्याशी अजून बोलत नाही.

नकार आला त्या दुपारी नणंद पडवीत शेंगा फोडत होती.

"माझ्यामुळं मोडलं व्हय?"

"व्हय."

तिनं चार-पाच शेंगा फोडल्या. "पुढच्या येळंला मी एकटीच जाते भिगवणला."

"कुठं जायचं न्हाय," मी म्हणाले. "शेंगा फोड. पुढच्या पोह्यांना लागतील."