ताईंचा हात आणि माझी रॅकेट

रॅकेटच्या पिशवीची चेन उघडली की एक बारीक, लांबट आवाज होतो. त्या दुपारी मी संगणकासमोर पाठमोरी बसले होते, तरी तो लगेच ओळखला. रॅकेट मागच्या कपाटाला टेकवून ठेवली होती. संध्याकाळी औरंगपुऱ्यात उतरून तारा ताणून घ्यायच्या होत्या, म्हणून ती सोबत आणली होती. मी वळून पाहिलं. ताईंनी ती बाहेर काढून ट्यूबलाइटच्या जवळून फिरवलीसुद्धा होती.

“लई हलकी हाय गं! डास मारायच्या बॅटीहून हलकी! खेळतीस व्हय तू?”

“शाळेत खेळायचे,” मी म्हटलं.

“मग नाव लावते तुझं.”

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात मला लागून पावसाळा आणि दिवाळी उलटली होती. माझी ती पहिलीच नोकरी. आसपासच्या कारखान्यांच्या बॅडमिंटन स्पर्धा जवळ आल्या होत्या आणि बायकांच्या दुहेरीसाठी आमच्याकडून नुसत्या ताईंचं नाव होतं. मी हो किंवा नाही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या बोटांतलं पेन काढून घेतलं, दाराजवळच्या फळ्यावर लावलेल्या कागदावर माझं नाव लिहिलं आणि पेन स्वतःच्या केसात खोचून डिस्पॅचला निघून गेल्या.

ताई माल पाठवायच्या खात्यात होत्या. रोज करमाडहून काळीपिवळी जीपनं यायच्या. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आवाज गोदामाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. माझ्या टेबलावरची एकही वस्तू त्यांच्या हाताखालून सुटली नव्हती. बाटलीतलं पाणी त्या पीत. खुर्चीच्या पाठीवरची माझी ओढणी घेऊन उन्हात ट्रक मोजायला जात. पिन हवी असली की माझी पर्स त्यांच्या मांडीवर जाई, आणि परत येई तेव्हा आतलं सगळं नीट रचलेलं असे, फक्त मला काही सापडत नसे. हे सगळं मी सोसलं असतं. पण कंगवा! जेवणाच्या सुट्टीनंतर ड्रॉवर उघडला की कंगव्यात त्यांचे लांब, तेलकट केस गुंतलेले असायचे, आणि मी कागदाच्या कपट्यानं ते एकेक सोडवत बसायचे.

माझ्या इंग्रजी शाळेत डब्यावर, बाटलीवर, खोडरबराच्या खोक्यावरसुद्धा नावाची चिठ्ठी असे. दुसऱ्याची वस्तू घेण्याआधी कसं विचारायचं आणि कुणी न विचारता घेतली तर काय म्हणायचं, ही दोन्ही वाक्यं आमच्या तोंडात बसवलेली होती. पण ती इंग्रजीत होती. ताईंसमोर त्यातलं एक जरी म्हटलं असतं तर मी मोठी मॅडम झाले असते. आणि मराठीत म्हणायचं तर काय? हात लावू नका? एकदा अगदी हळू आवाजात प्रयत्न केला होता. “ताई, मी तुम्हाला नवा कंगवा आणून देऊ का?”

“का गं?” त्या मोठ्यानं म्हणाल्या, “तुमच्यात चालत नाय का?”

सगळं ऑफिस हसलं. ताईही हसल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. आमच्या आडनावाला पूजेच्या घंटेचा नाद आहे. घरात आता कुणी पूजा सांगत नाही. वडील बँकेत आहेत, आई शाळेत शिकवते. तरी ‘हात लावू नका’ हे शब्द माझ्यासारख्या घरातून कधीकाळी कुणाकुणाला ऐकवले गेले असतील, हे मला कळत होतं. मला फक्त कंगव्यातले केस नको होते. ते सांगताना दुसरंच काहीतरी ऐकू जाईल, या धास्तीनं मी गप्प बसले, आणि बसतच राहिले.

आता मात्र रॅकेटची वेळ आली होती. ती मी शाळेच्या शेवटच्या वर्षी वडिलांच्या मागे लागून घेतली होती, तिच्या मुठीला माझ्या बोटांची जागा पडली होती. फळ्यावर माझं नाव लागल्यापासून मी आतून उडत होते! किती दिवसांनी खेळणार होते! सरावाला आम्ही गोदामामागच्या सिमेंटच्या जागेत उतरलो. कंपनीच्या दोन जुन्या रॅकेटी होत्या, ढिल्या तारांच्या. ताईंनी त्यातली एक माझ्या हातात दिली आणि माझी स्वतः घेतली. “हिच्यानं ब्येस बसतं.”

ताई शाळेत खो-खो खेळलेल्या. पाय असे चालत की मी बघत राहायचे. पण शटल कुठंही असो, ते त्यांचंच. माझ्या डोक्यावरचं, माझ्या डावीकडचं, माझ्या नाकासमोरचंसुद्धा. मी सरसावायचे, त्या येताना दिसल्या की थांबायचे. कधी त्याही थांबायच्या आणि शटल दोघींच्या मधे टपकन पडायचं.

स्पर्धेच्या दिवशी औद्योगिक वसाहतीतल्या हॉलमध्ये बरीच गर्दी होती. आमच्या स्टोअरचे चाचा दोन्ही हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेला उभे होते. आमची पहिलीच फेरी. समोर औषधाच्या कारखान्यातल्या दोन मुली, एकसारख्या टी-शर्टातल्या. मी बूट बांधत होते तेवढ्यात चेनचा तो आवाज पुन्हा आला. ताई माझी रॅकेट घेऊन मैदानात गेल्यासुद्धा होत्या. मी कंपनीची रॅकेट उचलली. वाटलं, आता म्हणावं. सगळे बघत होते. म्हटलं नाही.

पहिला गेम आमचा नुसता चुरा झाला. त्या रॅकेटनं मारलेलं शटल नेटपर्यंत जाऊन मान टाकायचं. वर आम्ही एकमेकींवर आपटत होतो. एकदा ताईंचं कोपर माझ्या खांद्यावर बसलं आणि हॉलभर हशा पिकला. चाचा ओरडले, “अरे कायकू टकरारे तुम लोगां? बेटा, मुँह में जबान है ना? बोलो ना!”

बाजू बदलताना ताई पदरासारखी ओढणी कमरेला घट्ट करत माझ्यावरच तडकल्या. “अगं, तू बोलत कशी नाईस? मला कसं कळायचं कोणतं तुझं अन् कोणतं माझं? तू गप उभी ऱ्हातीस, मंग मीच घेते!”

म्हणजे इतके महिने हेच चाललं होतं! माझ्या गप्प बसण्यातून मी काय काय सांगते आहे असं मला वाटत होतं: नाराजी, संकोच, सभ्यपणा. त्यांना ऐकू येत होतं ते एवढंच, की घ्या.

मी हात पुढे केला. “ताई, ती रॅकेट माझी आहे. मला द्या.”

वाटलं होतं, आता काहीतरी ऐकावं लागणार. त्यांनी रॅकेट माझ्या हातात कोंबली आणि कंपनीची काढून घेतली. “मंग आधी सांगायचं की! हरलो असतो ना बाई फुकट!”

बस्स, एवढंच! मूठ बोटांत बसली आणि मला उगाच हसू यायला लागलं. पहिलं उंच शटल माझ्याकडे आलं, ताई धावल्याच, आणि मी ओरडले, “माझं!”

आवाज एवढा मोठा निघाला की पंचांनी मान वळवली. ताई जागच्या जागी खाली बसल्या, खो-खोत बसतात तशा, आणि मी त्यांच्या डोक्यावरून शटल समोरच्या कोपऱ्यात हाणलं. “आत्ता कशी बोलली!” ताई खालूनच ओरडल्या. चाचांच्या बाटलीतलं पाणी उडालं. मग मला थांबवताच येईना. माझं! माझं! सोडा ताई, माझं! ज्या आवाजात मी आजवर रिक्षासुद्धा थांबवली नव्हती, तो आवाज छतापर्यंत जात होता. ताई तेवढ्याच जोरात “व्हय, घे! मार!” म्हणत होत्या. दुसरा गेम आमचा झाला. तिसऱ्यात त्या टी-शर्टवाल्या मुलीच गोंधळून आपसात बोलायला लागल्या.

शेवटचं शटल नेटवर अडखळून आमच्या बाजूला पडत होतं. ते मला पोचलं असतं, जेमतेम. पण ताई पुढे होत्या आणि त्यांचे पाय मला ठाऊक होते. “ताई, तुमचं!” त्या अशा झेपावल्या की गुडघे घासून लाल झाले, आणि त्या ढिल्या तारांच्या रॅकेटवरून शटल हळूच पलीकडे टपकलं. ताईंनी मला कमरेत धरून उचललंच. चाचा बाटल्यांनी टाळ्या वाजवत होते.

पुढच्या फेरीत आम्ही हरलो, पण ओरडत हरलो.

सोमवारी जेवणानंतर ताई आल्या, माझा ड्रॉवर ओढला आणि आत हात घातला.

“कंगवा नाही, ताई,” मी म्हटलं. फार मोठ्यानं नाही, पण पलीकडच्या टेबलापर्यंत गेलं. “केस अडकतात त्यात तुमचे. मला आवडत नाही.”

हात थांबला. ऑफिसमधल्या दोघातिघांनी माना वर केल्या. ‘तुमच्यात’ हा शब्द पुन्हा येतो की काय, म्हणून मी वाट पाहिली.

“अन् पिन?”

“पिन घ्या.”

“पाणी?”

“पाणी घ्या. ओढणी विचारून.”

“ऐकलं का चाचा,” त्या स्टोअरच्या दिशेनं ओरडल्या, “ही आता हापिसातबी माझं माझं करती!” आणि हसत हसत माझी बाटली उचलून गटागटा पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कागदात गुंडाळलेला एक कंगवा घेऊन आल्या. जांभळा, रुंद दातांचा. माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या, पण ड्रॉवरला हात लावला नाही.

“ठेवू का गं हितं? माझ्याकडं हरवतंय सगळं.”

मी ड्रॉवर उघडला आणि माझा कंगवा थोडा बाजूला सरकवला.