काच न बघता केलेली सही

तीस वर्षं मी नाशिकच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतोय. पूर्वी प्लेटलेट मोजायच्या म्हणजे थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. मान मोडून यायची. मग मशीन आलं. नळी आत सरकवली की मिनिटभरात कागद बाहेर. मालक म्हणाले, "आता डोळे फोडायला नकोत." सूक्ष्मदर्शकावर कव्हर चढलं आणि कव्हरवर आमचे चहाचे कप.

प्लेटलेट कमी आल्या तर काच बघायचीच, असा नियम मीच घातला होता. डेंग्यूच्या दिवसांत नळ्यांचा ढीग लागला आणि तो नियम मीच गुंडाळला.

त्याच सुमारास सटाण्याहून माझी मोठी बहीण पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनला आली. मशीनने प्लेटलेट फारच कमी दाखवल्या. मी सही ठोकली. रक्त थांबणार नाही या भीतीने डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. ती माझ्या घरी पपईच्या पानांचा रस पीत, पोट धरून वाकून बसायची. दुसऱ्यांदा तपासलं, पुन्हा तोच आकडा, पुन्हा माझीच सही. नवव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठे मी कप बाजूला केले आणि काच बनवली.

प्लेटलेट भरपूर होत्या. रक्त गोठू नये म्हणून नळीत जे औषध असतं, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि असे पुंजके मशीनला मोजता येत नाहीत. शिकाऊ मुलींना हेच मी दरवर्षी घसा फोडून सांगतो.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. पित्ताशय सडलं होतं. तीन दिवसांत घरी जायची ती महिनाभर दवाखान्यात पडून राहिली. मालकांनी मशीनला शिव्या घातल्या. मीही मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण दोन्ही वेळा मशीनने आकड्याखाली इंग्रजीत छापलं होतं, पुंजके असावेत, काच बघा. माझ्या दोन्ही सह्या त्या ओळीला खेटून आहेत.

बहिणीने ते दोन्ही कागद पिशवीत जपून ठेवलेत. तिला इंग्रजी वाचता येत नाही. घरी कोणी आलं की ती पिशवी काढते, सहीवर बोट ठेवते आणि सांगते, "मना भाऊनी पाह्यं म्हणून मी वाचनू."

मी शेजारी बसून चहा पितो.