ताईच्या ओढणीच्या गाठी

सुनंदाताईवर मी लिहावं का, हे अजूनही नीट ठरत नाही. लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण सव्विसाव्या वर्षी गेलेल्या माझ्या बहिणीबद्दल गावात जे बोललं जातं, ते मी तसंच राहू देणार नाही.

ती तापानं गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला होतो. मूलजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर अंगणात काकू म्हणत होती, "गोळ्या घ्यायच्याच भुलली असन. भिंगरीच व्हती!"

भिंगरी हे ताईचं गावातलं नाव. भाताच्या रोवणीत बाया ओळीनं मागे सरकत, ताई मात्र अर्धी ओळ सोडून बांधावरचा बगळा पाहायला जाई. राईस मिलमधलं काम दोन महिन्यांत सुटलं. सासरही वर्षभरात... दूध रोज उतू जातं म्हणून. मीही तसाच. वह्या हरवायच्या, पेपर अर्धा कोरा राहायचा. पण मला "पोरगा हाय, सुधरन" म्हणत शिकवलं, तिला दहावीनंतर घरी बसवलं.

कॉलेजच्या आरोग्य शिबिरानंतर डॉक्टरांनी तपासून मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, असल्याचं सांगितलं. मी ताईला फोन केला. तुलाही तेच असेल, म्हणालो. ती हसली. "म्हंजे तुले बिमारी अन् मले खोड? वा रे वा!"

लक्षात राहावं म्हणून ती ओढणीच्या टोकाला गाठ मारायची, एका कामाची एक. मी गावी पोचलो त्या दिवशी ओढणी दोरीवर होती. एकही गाठ नव्हती. "पाय, गाठ मारायचंबी भुलली," काकू म्हणाली. आणि मी... मी मान हलवली. त्याची लाज जात नाही.

ती ओढणी आता माझ्या खोलीत आहे. टोक अजून चुरगळलेलंच आहे. का, ते मला परवा कळलं. तापाच्या गोळ्या देणाऱ्या आमच्या गावच्या आशा सेविका भेटल्या.

"तुमची ताई भुलली नाई, भाऊ. माह्यासमोर तीन गाठी मारल्या, तीन दिवसांच्या. गोळी गिळली का एक सोडे. ताप डोक्यात चढला, त्याले ताई काय करन? तिसरी गाठ सोडून गोळ्यांची रिकामी पट्टी माह्या हाती देल्ली. म्हने, पाहून घ्या बाई, एकबी नाई उरली."